मुक्काम हेही औषधच

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या दवाखान्यात एक प्रसंग दर वर्षी घडतो. नवा मोंढा किंवा मामा चौक भागातील एखादे ओळखीचे कुटुंब येते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, गाडी करून निघालोय. आईच्या आठ दिवसांच्या गोळ्या लिहून द्या." कुठे जाणार, असे विचारले की यादी सुरू होते : उज्जैन, ओंकारेश्वर, पुष्कर, जोधपूर, जैसलमेर. आणि जैसलमेरला मुक्काम किती? "एक रात्र. वाळवंट बघायचं, उंटावर बसायचं आणि पहाटे निघायचं."

मी गोळ्या लिहून देतो, पण मनात पाल चुकचुकते. कारण आठ-दहा दिवसांनी हीच मंडळी पुन्हा दवाखान्यात येतात. कोणाला जुलाब, कोणाचे पाय सुजलेले, कोणाचा रक्तदाब चढलेला. विश्रांतीसाठी गेलेला माणूस परत आल्यावर दोन दिवस रजा काढून झोपतो, यासारखा विनोद नाही. आज हा विषय घेण्याचे कारण मात्र विनोदाचे नाही. या बाबतीत मी स्वतःच एकदा चुकलो आहे.

माझी चूक

२००९ साली वडिलांना घेऊन आम्ही अशाच एका धावत्या यात्रेला निघालो. वडील निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू. पाच दिवसांत अकरा ठिकाणे. रोज पहाटे चारला उठायचे, रात्री नवीन गावात, नवीन खोलीत झोपायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात त्यांना चक्कर आली, ते पडले आणि मनगट मोडले. तेथील दवाखान्यात सलाईन लावताना मी विचारले, "बाबा, पाणी पीत होतात ना?" ते हळूच म्हणाले, "अरे, पाणी प्यालं की गाडी थांबवायला सांगावी लागते. तुम्ही सगळे घाईत होता."

मी डॉक्टर. माझ्या शेजारच्या आसनावर बसून माझे वडील दोन दिवस तहान मारत होते आणि ते माझ्या लक्षात आले नाही. मनगट जुळले, पण त्यानंतर ते कधी प्रवासाला निघाले नाहीत. "तुम्ही जाऊन या," एवढेच म्हणत.

यामागचे शास्त्र साधे आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होते. शरीरातील पाणी घटले तरी म्हाताऱ्या माणसाला तहान लागेलच असे नाही. त्यात लघवीची गोळी शरीरातील पाणी व क्षार बाहेर टाकत असते. मग पलंगावरून एकदम उठताना रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. या वयात असे पडणे किती महागात जाते, हे खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण ज्या घरात आहे त्यांनाच ठाऊक.

वाळवंटातले शहाणपण

शाळेच्या भूगोलात आपण मरूद्यान हा शब्द शिकलो. वाळवंटात जिथे गोड्या पाण्याचा झरा आहे, खजुराची झाडे आहेत, ती जागा. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात सिवा नावाचे असे मरूद्यान आहे. समुद्रकाठच्या गावापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत, लिबियाच्या सीमेजवळ. इसवी सनापूर्वी ३३१ साली सिकंदर तेथील देवळात कौल लावायला गेला होता. खारी तळी आणि गोडे झरे तेथे शेजारी शेजारी आहेत. आजही लोक तेथे जातात ते चार दिवस राहायला, कारण इतक्या आडबाजूला उभ्या उभ्या जाऊन येताच येत नाही.

जुन्या काळी उंटांचे तांडे अशा जागी पोचले की मुक्काम करीत. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. माणसाचे तसे नाही. माणसाला पाणी थोडे थोडे लागते आणि झोपही एका रात्रीत भरून निघत नाही. म्हणून तांडेवाले थांबत. आज आपल्याकडे वेगवान गाडी आली आणि हे थांबणे तेवढे गेले. वाळवंट आपण पाहून येतो, पण झऱ्याकाठी बसायचे राहून जाते.

आपल्या दारचे मरूद्यान

वडील गेल्यानंतर आई एकदा म्हणाली, "मला कुठं तरी ने. पण पळवू नकोस." जानेवारी २०२३ मध्ये आम्ही तिला लोणारला नेले. तीन रात्री, एकच जागा.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात, जालन्यापासून सुमारे नव्वद किलोमीटर. ते वाळवंट नव्हे हे खरे, पण आपल्या कोरड्या मुलखात मरूद्यान म्हणावे अशी जागा तीच. उल्कापाताने काळ्या कातळात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ दीडशे मीटर खोल आहे. तळाशी खारे सरोवर, उतारावर दाट झाडी आणि कडेला गोड्या पाण्याची बारमाही धार. सिवासारखेच खारे आणि गोडे पाणी इथेही शेजारी शेजारी. २००० साली हा परिसर अभयारण्य झाला आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत गेला.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते नागपूर हा भाग सुरू झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, समृद्धीने झटकन जाऊ." आम्ही जुन्या रस्त्याने गेलो. सिंदखेड राजाला थांबलो. जिजाऊंच्या जन्मस्थळी आई अर्धा तास निवांत बसली, चहा झाला, पाणी झाले. दीड-दोन तासांच्या वाटेला आम्ही चार तास लावले. कोणाचे काही बिघडले नाही.

तिसरा दिवस

पहिल्या रात्री आई नीट झोपली नाही. "जागा नवी आहे," म्हणाली. हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. २०१६ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक सावध राहते. बारीकसा आवाज झाला तरी माणूस जागा होतो. आता विचार करा : जो माणूस आठ दिवसांत आठ गावी झोपतो, त्याची रोजच पहिली रात्र असते! यात्रेहून आलेला माणूस थकलेला का असतो, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोड्या पायऱ्या उतरून धारेपाशी गेलो. आईने गोमुखाखाली ओंजळ धरली आणि तेथेच पायरीवर बसून राहिली. खाली सरोवरापर्यंत उतरणे तिच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. दीडशे मीटर चढून परत येणे म्हणजे चाळीस मजल्यांची इमारत चढणे. "तुम्ही जाऊन या," आई म्हणाली. तेच शब्द ऐकून माझ्या पोटात कालवले. मी गेलो नाही, तिच्याजवळ बसलो. मुले खाली कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाऊन, मोर आणि वानरे पाहून आली.

दुसऱ्या रात्री आई सात तास झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून दोनदा पाणी मागितले. दुपारी घोंगडी अंथरून लिंबाखाली पडली, संध्याकाळी गावातील दैत्यसूदन मंदिराची कोरीव कामे पाहायला स्वतः चालत आली. मला दोन दिवस दुकान, दवाखाना, फोन यांची सय येत होती, ती तिसऱ्या दिवशी गेली. पत्नी म्हणाली, "तीन दिवस स्वयंपाकघरात पाय टाकला नाही, हीच माझी यात्रा." घरातील बाईला विसावा मिळाला नाही तर सहल कसली? ती तर नुसती स्वयंपाकघराची जागा बदलणे झाले.

गैरसमज नको म्हणून सांगतो. आईचा रक्तदाब काही लोणारला नाहीसा झाला नाही. गोळ्या होत्या त्याच राहिल्या. सहलीचा तजेला दोन-चार आठवड्यांत ओसरतो, असेच अभ्यास सांगतात. म्हणून दहा वर्षांतून एकदा मोठी यात्रा करण्यापेक्षा दर वर्षी तीन-चार दिवसांचा शांत मुक्काम बरा.

विश्रांती ही चैन नव्हे

आपल्या नवीन जालन्यात सकाळी आठला दुकान उघडून रात्री नऊला कुलूप लावणारे व्यापारी आहेत, औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या भट्टीपुढे जादा पाळी करणारे कामगार आहेत. त्यांच्यासाठी एक आकडा देतो. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी जाहीर केले की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या मोंढ्यात ५५ तास तर शुक्रवारी दुपार व्हायच्या आतच भरतात.

अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या बारा हजारांहून अधिक पुरुषांची नऊ वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. जे दर वर्षी सुट्टी घेत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. सुट्टी घेणारा माणूस आधीच अधिक धडधाकट असेल, ही शंका रास्त आहे. सुट्टीनेच आयुष्य वाढते असे यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही काम कमी होत नसेल तर निदान मुक्काम तरी वाढवावा, एवढे म्हणायला हरकत नाही.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

१. मुक्काम एकाच ठिकाणी, निदान तीन रात्री. लोणारसारख्या जागी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेचे ऊन म्हाताऱ्यांना व लहान मुलांना सोसणारे नाही.

२. गाडी दर दोन तासांनी थांबवा. कोणी सांगण्याची वाट पाहू नका. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला संकोच वाटू नये, हे तरुणांचे काम.

३. तहान लागो न लागो, थोडे थोडे पाणी प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा. मात्र हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

४. लघवीची गोळी प्रवासात मनाने बंद करू नका. कोणत्या वेळी घ्यावी ते आधी विचारून घ्या. सर्व गोळ्या चार दिवस जास्तीच्या न्या. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका.

५. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी वारंवार द्या.

६. लोणार सरोवराचे पाणी अतिशय खारे व क्षारयुक्त आहे. पूर्वी येथील क्षार साबण आणि काच करायला वापरत. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते, ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. ते पाणी पिऊ नये, त्यात उतरू नये. त्याने त्वचारोग बरे होतात या समजुतीवर विसंबून औषध सोडू नये.

७. गुडघेदुखी, दम लागणे किंवा छातीत दुखणे असा त्रास असलेल्यांनी विवराच्या तळापर्यंत उतरू नये. उतरताना काही वाटत नाही, परीक्षा चढताना होते.

८. उन्हात माणूस बरळू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली तर सावलीत नेऊन ओल्या कपड्याने अंग पुसा आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

परतीच्या दिवशी आम्ही सामान गाडीत ठेवत होतो. आई काठावर उभी राहून सरोवराकडे पाहत होती. म्हणाली, "तुझे बाबा इथं आले असते तर दोन दिवस हलले नसते." मी काही बोललो नाही. सिंदखेड राजाच्या अलीकडे तिने ड्रायव्हरला स्वतःच हाक मारली, "अरे बाबा, थांबव जरा गाडी. पाणी प्यायचंय."

वाचकहो, तुमच्या पुढच्या सहलीत एवढे वाक्य म्हणायला घरातील म्हाताऱ्या माणसाला भीड वाटली नाही, तर सहल सुखाची झाली असे खुशाल समजा.