खाचेतली गाडी, रिमोटवरची गाडी

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत अडकून धावणारी छोटी शर्यतीची गाडी. ब्रिटनमधले फ्रेड फ्रान्सिस आधी चावीच्या, पत्र्याच्या गाड्या बनवत. १९५७ मध्ये त्यांनी त्यांत विजेची मोटर बसवली आणि ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आली. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीखालच्या बारीक तारांच्या वेण्या त्यांना घासत वीज घेतात. हातातला खटका जितका दाबाल तितका वेग. स्टिअरिंग नाहीच! सगळं कौशल्य वळणाआधी वेग आवरण्यात. चुकलात की गाडी ट्रॅकबाहेर. बऱ्याच गाड्यांच्या पोटाशी चुंबक असतो. तो लोखंडी पट्ट्यांकडे ओढला जातो आणि गाडी चिकटून राहते. हात बसला की चुंबक काढून टाका, असं माझं मत. मागची चाकं घसरू लागली की खरी गंमत कळते. गाडी अडखळू लागली, तर मोटरला दोष देण्याआधी वेण्या आणि पट्ट्या पुसून बघा.

रेडिओ-नियंत्रित गाडीला मात्र स्टिअरिंग असतं आणि बॅटरी तिच्या पोटातच. आजचे चांगले रिमोट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याच गाडीशी जोडलेले असतात. त्यामुळे शेजारच्याच्या रिमोटने तुमची गाडी पळत नाही. पहिली गाडी सुटे भाग सहज मिळतील अशीच घ्या, कारण काहीतरी मोडणारच. गाडीत लिथियम-पॉलिमर बॅटरी असेल, तर तिचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. ती तिच्यासाठीच्या चार्जरवर, नजरेसमोरच चार्ज करा आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.