आकृतीचा दाखला

माध्यमिक शाळेतील भूमिती शिकणाऱ्या मुलांत आणि त्यांच्या पालकांतही अशी समजूत दृढ झालेली आहे की, आकृती सुबक काढावी, तिच्यात जे दिसेल ते लिहावे आणि शेजारी पाठ केलेल्या प्रमेयाचे नाव मांडावे, म्हणजे उदाहरण सुटले. ही समजूत निखालस चुकीची आहे. आकृती विचारास साह्य करते, परंतु सिद्धतेत तिचा दाखला ग्राह्य धरता येत नाही.

‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ हे प्रसिद्ध खोटे प्रमेय या दृष्टीने प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः तपासावे. अबक त्रिकोणात कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक आतल्या एका बिंदूत मिळतात असे दाखवावयाचे, तेथून अब आणि अक यांवर लंब टाकावयाचे आणि एकरूप त्रिकोणांच्या आधारे समान ठरलेल्या तुकड्यांची बेरीज करून त्या दोन बाजू समान आहेत असा निकाल द्यावयाचा, असा त्याचा क्रम आहे. यातील एकरूपतेच्या साऱ्या पायऱ्या निर्दोष आहेत. दोष आकृतीत आहे. अब आणि अक असमान असतील तर ते दुभाजक त्रिकोणाबाहेर, परिवर्तुळावर मिळतात, आणि एक लंब मोठ्या बाजूवर तर दुसरा वाढविलेल्या लहान बाजूवर पडतो. त्यामुळे त्या लहान बाजूपुरती जेथे वजाबाकी हवी होती, तेथे बेरीज होऊन बसते.

कोणतीही तीन मापे दिली की त्रिकोण मुक्रर होतो, हाही असाच एक भ्रम. बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको (कोन-बाजू-कोन), बाबाबा (तिन्ही बाजू) या एकरूपतेच्या कसोट्यांत कोणती मापे कोठे आहेत याला महत्त्व आहे. कोन अ ३० अंश, अब १० सेंमी आणि बक ६ सेंमी घेतल्यास दोन भिन्न त्रिकोण निघतात: एकात कोन क सुमारे ५६.४ अंशांचा, दुसऱ्यात १२३.६ अंशांचा.

त्रिकोणमितीत कोन दुप्पट झाला की साइनही दुप्पट होते, असे अनेकांना वाटते. ३० अंशांची साइन ०.५ आहे, ६० अंशांची १ नसून सुमारे ०.८६६ आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त पावणेचार अंशांच्या समान अंतराने चोवीस ‘ज्यां’चे, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनांचे, फरक दिले आहेत, त्यांतील पहिला २२५ आणि शेवटचा अवघा ७ आहे. कोन समान पावलांनी वाढत असता ज्येची वाढ कशी मंदावत जाते, हे त्या अंकांवरून जितके स्पष्ट होते तितके सूत्रे घोकून होत नाही, असे माझे मत आहे.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते हे प्रमेयही सपाट प्रतलापुरतेच खरे आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून लॅम्ब्टनने आरंभिलेल्या हिंदुस्थानच्या महामोजणीत त्रिकोण वक्र भूपृष्ठावर पसरलेले होते. अशा त्रिकोणाच्या क्षेत्रफळातील सुमारे दर १९७ चौरस किलोमीटरांमागे कोनांची बेरीज एका विकलेने (कोनीय सेकंदाने) वाढते, आणि ही वाढ हिशेबात धरल्यावाचून मोजणीदारांना आपल्या कोनांची चूक ठरविता येत नसे.