रत्नागिरीला नेलेले पोर

आपल्याकडे घाटावर कुणी जरा वेड्यासारखे वागले की "ह्याला रत्नागिरीला न्यायला पायजे" असे म्हणायची जुनी खोड आहे. यात रत्नागिरीकरांचा काही दोष नाही. त्यांच्या गावाला हापूस आहे, टिळकांचे जन्मस्थान आहे, थिबा राजाचा वाडा आहे. पण १८८६ सालापासून तेथे मनोरुग्णालयही आहे. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्या जोडीने राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याची गणना होते, आणि मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली अशी तिकडे जाणारी वाट आपल्याच भागातून उतरते. त्यामुळे गावाचे नाव चेष्टेत गेले ते गेलेच.

आमचे एक सभासद मागचा गळीत हंगाम संपल्यावर आपल्या दहा वर्षांच्या मुलाला खरोखरच रत्नागिरीला घेऊन गेले. "नाव छापू नका, हकीकत मात्र छापा. माझ्यासारखं आणखी धा जण असतील," असे त्यांनी कार्यालयात येऊन सांगितले. म्हणून हा लेख.

हे पोर गावात सगळ्यांना ठाऊक. पायाला भिंगरी, तोंडाला कुलूप नाही. वर्गात बाई प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर देणार, आणि ते चुकणार. दप्तर शाळेत, चपला ओढ्यावर, डबा कुठे ते देवाला ठाऊक. अभ्यासाला बसवले तर पाच मिनिटांत पाणी प्यायला उठणार आणि तिथून गोठ्यात जाणार. दुकानातून चहापत्ती आणायला पाठवावे, तर तासाभराने कुत्र्याचे पिल्लू घेऊन येणार. आजीने दृष्ट काढली, आईने नवस बोलला, बापाने मारले. पालथ्या घड्यावर पाणी.

पण हेच पोर पाण्याच्या मोटारीचे जुने सामान उलगडून बसले की दोन-दोन तास हलत नसे. त्यामुळे घरच्यांची पक्की समजूत झाली, की याला येते सगळे, हा मुद्दाम करतो.

ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे धावून कांडी ओढणारी मुले हा आपल्या गावोगावचा देखावा आहे. कारखान्याने याबद्दल कितीदा सूचना छापल्या, तरी पोरे ऐकत नाहीत. हा मुलगा एके दिवशी मागच्या ट्रॉलीला लोंबकळला आणि पडला. चाकाच्या बाजूला न पडता कडेच्या गवतात पडला म्हणून हातावर निभावले. आठ दिवसांनी, हाताला प्लॅस्टर असताना, तो पुन्हा ट्रॉलीमागे धावला. त्या दिवशी बापाने हाताला लागेल ते घेऊन मारले. मार खाऊन झाल्यावर पोर म्हणाले, "मला म्हाईत असतंय बाबा. पन पाय आधीच पळत्यात."

हे वाक्य आम्ही मुद्दाम जसेच्या तसे छापतो आहोत. या दुखण्याचे इतके नेमके वर्णन आम्हांला पुढे कुठल्या पुस्तकात सापडले नाही.

मुलाची आत्या रत्नागिरीत दिलेली. तिने तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे नाव सुचवले. "मनोरुग्णालयात न्हाई ना?" हा बापाचा पहिला प्रश्न. (तिथे जावे लागले असते तरी काही बिघडले नसते. मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग असतो, माणसे दाखवून संध्याकाळी घरी येतात. पण लोकांच्या जिभेला कोण आवरणार?) डॉक्टरांनी दीड तास प्रश्न विचारले. मुलाचे कान आणि डोळे तपासून घेतले, झोप कशी आहे, कधी झटके येतात का, घरात भांडणतंटा आहे का, सगळे विचारले. शाळेच्या वह्या चाळल्या आणि बाईंनी भरायचा एक कागद दिला. आमचे सभासद थोडे नाराजच झाले. "यवढं लांब जाऊन डोक्याचा फोटोसुदीक काढला न्हाई!"

तो काढायचा नसतोच. लक्ष न टिकणे, अति चळवळ आणि उतावळेपणा यांच्या या विकाराला रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो नाही. हकीकत हीच तपासणी. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली हवीत, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली हवीत, आणि घरी व शाळेत अशी निदान दोन ठिकाणी हवीत. फक्त शाळेत दंगा आणि घरी शहाणा, तर दोष बहुधा दुसरीकडे शोधावा लागतो. शिवाय लहान पोर चळवळे असायचेच. त्या वळवळीने त्याचे शिक्षण, मैत्री किंवा जीव धोक्यात येऊ लागला तरच तो विकार म्हणायचा. जगभरच्या पाहण्यांवरून शंभरात सुमारे पाच मुलांत तो असावा असा अंदाज आहे. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात एखाद-दुसरे.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. पुष्कळ मुली दंगा करत नाहीत. खिडकीबाहेर बघत बसतात, ऐकलेले विसरतात, आणि "जरा मंद आहे" म्हणून मागच्या बाकावर जातात. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

हे नवे फॅड आहे असे कुणी समजू नये. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून एक उत्तेजक औषध दिले. डोकेदुखी बाजूलाच राहिली, पण निम्मी मुले एकाएकी अभ्यासाला लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव ठेवले. विकाराला आजचे नाव १९८० च्या दशकात मिळाले.

आत काय बिघडते, हे डॉक्टरांनी त्यांना शेतातल्याच भाषेत सांगितले. पाटाला पाणी भरपूर आहे, पण दारे धरणारा माणूस डुलक्या घेतो आहे. मग पाणी पाहिजे त्या सरीला न जाता फुटेल तिकडे जाते. मेंदूच्या पुढच्या भागाकडे हे दारे धरायचे काम असते, आणि त्याला लागणारी डोपामिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही रसायने इथे नीट काम करत नाहीत. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या वरच्या थराची वाढ सरासरीने तीन वर्षे मागे दिसली. म्हणजे दहा वर्षांच्या पोराकडून सात वर्षांच्या पोराइतक्याच आवरण्याची अपेक्षा धरायची. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही.

एवढे झाल्यावर डॉक्टरांनी बापाकडे वळून विचारले, "तुम्ही लहानपणी कसे होता?"

आमचे सभासद म्हणाले, "आवो, मी ह्याच्याहून वांड हुतो." आणि मग बोलता बोलता गप्प झाले.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्के मानला जातो. उंचीसारखाच तो घराण्यातून उतरतो. पुष्कळांत तो मिसरूड फुटल्यावरही जात नाही, फक्त रूप बदलतो. धावणे थांबते, आतली तगमग राहते. मोठ्या माणसांत शंभरात दोन-तीन तरी असावेत. आपल्या भाषेत त्यांच्यासाठी नावे आधीपासून तयार आहेत: वेंधळा, धांदरट, विसरभोळा, आरंभशूर.

आरंभशूर हा शब्द या गृहस्थांना गावाने कधीच बहाल केला होता. दहावी नापास झाल्यावर कोंबड्या पाळल्या, मग शेळ्या, मग टोमॅटो. प्रत्येक धंदा धडाक्यात सुरू आणि वर्षात बंद. मोटार चालू ठेवून गावात चहाला जाणे, सोसायटीच्या कर्जाची तारीख चुकवून व्याजाची सवलत घालवणे, मोटारसायकलवरून दोनदा पडणे. एका वर्षी जुलैत आडसाली लागण केली आणि गट कार्यालयात नोंद द्यायची आज-उद्या करत राहून गेली. तोडणीचा क्रम नोंदीच्या तारखेवर लागतो हे सभासदांना सांगायला नको. ऊस हंगामाच्या शेवटाला तुटला, तुरे आले, वजन घटले. त्या साली ते कार्यालयात येऊन तावातावाने भांडले होते. आम्हीही मनात म्हटले होते, काय बेफिकीर माणूस आहे! आज हे लिहिताना त्याची थोडी लाज वाटते.

"चाळीस वर्षं मला वाटत हुतं मी नालायक हाय," असे ते परवा म्हणाले. एवढेच म्हणाले आणि विषय बदलला.

आता साखरेविषयी. साखर जास्त खाल्ल्याने पोरे चळवळी होतात असा समज सगळीकडे आहे, आणि साखर कारखान्याच्या मुखपत्राने तो खोडून काढणे म्हणजे चोराच्या मनात चांदणे असे कुणी म्हणेल. तरी लिहितो. अमेरिकेत १९९४ साली काही कुटुंबांचा आहार तीन-तीन आठवडे बदलून पाहिला. कधी साखर, कधी साखरेऐवजी दुसरे गोड पदार्थ, आणि कोणत्या आठवड्यात काय हे घरच्यांना ठाऊक नाही. साखरेने बिघडतात म्हणून सांगितलेल्या मुलांच्याही वागण्यात फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात मुलांना साखर मुळीच दिली नव्हती, पण काही आयांना "दिली आहे" असे खोटेच सांगितले. त्या आयांना आपली मुले जास्त द्वाड वाटली! तेव्हा या विकाराचे खापर साखरेवर फोडू नये. दात किडणे आणि वजन वाढणे यांचे खापर मात्र साखरेवरच फुटते, ते आम्ही नाकारत नाही. मोबाइलचेही थोडेफार असेच. त्याने झोप आणि अभ्यास बिघडतो, पण स्टिलसाहेबांच्या काळी मोबाइल नव्हता.

उपचाराचे दोन भाग. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी आईबापांनाच शिकवतात. मोठ्या मुलांना गरजेप्रमाणे औषध देतात. मिथाइलफेनिडेट हे त्यातले मुख्य, दुसरे अ‍ॅटोमॉक्सेटिन. पहिले औषध कायद्याने नियंत्रित आहे आणि तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. "पोराला गोळ्यांचं व्यसन लागंल" ही आईची भीती होती. सांगितलेल्या मात्रेत आणि देखरेखीखाली तसे होत नाही. पण भूक मंदावते, झोप कमी होते, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी पाहावा लागतो. गोळी घेऊन पोर एकदम साने गुरुजी होईल अशीही आशा धरू नये. दारे धरणारा जागा होतो, एवढेच.

घरी त्यांनी काय बदलले? एका वेळी एकच काम सांगायचे, तेही जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. गणिते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये एकदा गोठ्यापर्यंत पळून यायची परवानगी. चांगले केले की तिथल्या तिथे शाबासकी, कारण "वर्षाअखेर सायकल घेईन" हे या पोरांना फार लांब पडते. बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतले आणि फळा पुसणे, वह्या वाटणे ही उठाबशीची कामे दिली. मार बंद. हे सर्वांत अवघड गेले, असे बापाने प्रामाणिकपणे कबूल केले. अजूनही कधी हात उठतो.

२००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटातला मुलगा तो हाच का, असे आम्ही विचारले. नाही. त्या मुलाला वाचण्या-लिहिण्याची अडचण आहे, ती वेगळी. पण दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात, म्हणून दोन्ही तपासाव्यात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. लक्ष न टिकण्याचा हा विकार त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालण्यापूर्वी एवढे माहीत असावे.

सगळ्यांना रत्नागिरी गाठायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत हा विकार आहे. पथक आले की गप्प बसू नका, सांगा. पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. २०२२ सालापासून टेलिमानस ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो, रात्रीही, आणि मराठीत बोलता येते. मोठ्या माणसांनीही लावावा.

मुलाच्या मागोमाग आमच्या सभासदांनीही स्वतःला दाखवून घेतले. गोठ्याच्या दाराशी त्यांनी एक काळा फळा लावला आहे. त्यावर मोटारीची वेळ, सोसायटीची तारीख, नोंदीची तारीख. फळ्यावर लिहायचे काम पोराकडे. दोघेही विसरतात, पण एकाच दिवशी दोघे विसरले असे कमी होते, म्हणतात.

जाता जाता त्यांनी आम्हांलाही एक सूचना केली. लागण नोंदीची शेवटची तारीख आपल्या मुखपत्रात शेवटच्या पानावर बारीक टायपात असते, ती कुणाच्या लक्षात राहणार? सूचना योग्य वाटली. या अंकापासून ती तारीख पहिल्या पानावर, चौकटीत घेतली आहे.