कृपेत चालताना (लेखांक ६) : अंत्युखियातला पंक्तिभेद

मागच्या लेखांकात आपण यापोच्या गच्चीवर होतो. तिथे पेत्राला दृष्टान्त झाला, तो कर्नेल्याच्या घरी गेला, आणि देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणायचे नाही, हे त्याला कळले. हाच पेत्र पुढे अंत्युखियाला आला.

अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत. पेत्रही त्यांच्यात बसे. मग याकोबाकडून काही माणसे आली आणि पेत्र अंग काढून घेऊ लागला, वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी उठले. बर्णबासुद्धा उठला. आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात, आणि तो किती झोंबतो हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पौलाने सर्वांसमोर पेत्राला सुनावले. वाटेल, जेवणाची एवढीशी गोष्ट! पेत्राने शिकवण तर बदलली नव्हती. पण त्याच्या उठण्याचा अर्थ परराष्ट्रीयांना एकच लागणार होता : तुमचा ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, आधी आमच्यासारखे व्हा, मग शेजारी बसू. सुवार्तेच्या मुळावरच घाव होता तो. पेत्र असे का वागला, तेही पौल सांगून टाकतो : भीतीने. मला वाटते, नियमांच्या आधाराने जगणाऱ्या बहुतेकांच्या मनात तळाशी हीच भीती असते. लोक काय म्हणतील याची, आणि त्याहून खोल, देव टाकून देईल याची.

विशीत असताना उपासकाळात मी एक वही ठेवली होती. प्रार्थना झाली की बरोबरची खूण, बायबलवाचन राहिले की फुली. फुल्या जास्त झाल्या की रविवारी प्रभुभोजनाला पुढे जाताना पाय अडत. खुणा भरलेल्या असल्या की मागून उशिरा येऊन बसणारा माणूस डोळ्यांत खुपे. दोन्ही वेळी माझी नजर वहीवरच होती, ख्रिस्ताकडे ती जातच नव्हती.

पंडिता रमाबाईंनी आपल्या मनाची अशीच स्थिती फार प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, व्रते, उपासतापास यांत त्यांचे बालपण गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून भेटलेला नाही, हे कळायला त्यांना आठ वर्षे लागली. तोवर शारदा सदन सुरू होऊन दोन वर्षे होत आली होती, विधवांसाठी त्या राबत होत्या. त्या सेवेत खोट काही नव्हती, पण मनाला स्वस्थता तिने येत नव्हती. आपण आधी लायक व्हायचे नाही, देव देतो ते हात पुढे करून घ्यायचे, हे उमगले तेव्हा ती आली.

कृपा शिकवली की माणसे सैल सुटतात, अशी शंका नेहमी घेतली जाते. रमाबाई सैल पडल्या का? १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती त्यातूनच उभे राहिले. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी केले. देवाने आपल्याला स्वीकारले आहे ही खात्री असलेल्या बाईचे हे काम आहे.

मग नियमशास्त्र कशासाठी दिले? पौल त्याला बालरक्षक म्हणतो, मुलाला घराबाहेर सांभाळून नेणारा दास. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात. तोवर गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय अकराव्या वचनापासून शेवटपर्यंत सावकाश वाचा. आणि येत्या रविवारी आराधना संपल्यावर मंदिराच्या आवारात कोण एकटे उभे आहे ते पाहा, आणि त्यांना आपल्या घरी जेवायला घेऊन जा.