छपरावरची जुनी धुराडी

लंडनच्या व्हिक्टोरियन घरांवर विटांची धुराडी आजही उभी आहेत. १९५२च्या विषारी धुरक्यानंतर १९५६मध्ये स्वच्छ हवा कायदा आला. कोळशाच्या शेगड्या हळूहळू विझल्या. धुराडी मात्र ऊन-पाऊस झेलत राहिली.

विटेत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

अशा वेळी घाईने सिमेंट थापणं सर्वांत घातक. जुन्या, मऊ विटांना चुनाच हवा: चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती विटेतच कोंडतं. नुसत्या दरजा झिजल्या असतील, तर त्या खरवडून चुन्याने भरल्या की भागतं. धुराडं कललं असेल, तर मात्र ते छपरापर्यंत उतरवून नव्याने रचणंच शहाणपणाचं. वापरात नसलं तरी त्याचं तोंड पूर्ण बुजवू नये. आत हवा खेळली नाही, तर खालच्या भिंती ओल धरतात.