तेरड्याची नळी

काश्मीरच्या कुरणात काढलेला कोलंबाइनचा फोटो पाठवून संपादक म्हणाले, असं मागे शेपूट असलेलं फूल आपल्याकडे असेल तर लिहा. कोलंबाइन म्हणजे अ‍ॅक्विलेजिया. पाच पाकळ्या आणि प्रत्येकीच्या मागे मधाची एक पोकळ नळी. थंड डोंगरातलं हे झाड सह्याद्रीत उगवत नाही. पण नळीचं फूल म्हटल्यावर मला लगेच आठवला तो भाद्रपदात कर्जत-खालापूरच्या बांधाबांधावर फुलणारा तेरडा.

गौरी-आवाहनाच्या आदल्या दिवशी कर्जतकडच्या कशेळ्याच्या बाजारात गेले. गोणपाटावर तेरड्याच्या जुड्या मांडून एक ठाकर बाई बसली होती. झाडं मुळासकट उपटलेली, मुळांची माती ओढ्यात धुतलेली. देठ पाण्याने टचटचीत. मुळं इतकी जपून का ठेवलीत, म्हणून विचारलं.

"मुळं तोडायची नाय, बाय. ती गौरीची पावलं."

कोकणात कितीतरी घरी गौर म्हणजे मुखवटा नसतोच. तेरड्याची जुडी हीच गौर, तिलाच साडी नेसवायची. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठावर जेवते, मुळावर जाते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण चंचल माणसाला लावतो. मला ती या झाडावर अन्याय करणारी वाटते. एक फूल लवकर गळतं, हे खरं. पण झाड फुलत राहतं, पाऊस ओसरेपर्यंत.

मी एक फूल उलटं करून पाहिलं. मागे केसासारखी बारीक, खाली वळलेली नळी. मध तिच्या टोकाशी. कोलंबाइनची नळी पाकळीपासून होते, तेरड्याची खालच्या निदलापासून. दोन निराळ्या कुळांनी निराळ्या अवयवांतून एकच युक्ती काढली. मध खोल ठेवला की ज्याची सोंड पोचेल त्यालाच फुलाच्या तोंडाशी नीट टेकावं लागतं. तिथे वरून पुंकेसरांची एकत्र जुळलेली टोपी असते, ती त्याच्या पाठीवर पराग चोपडते. काही काळाने ही टोपी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेली स्त्रीकेसराची कुक्षी उघडी होते. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी. जुडीत दोन्ही अवस्थांची फुलं शेजारी शेजारी होती. टोपी आहे की गेली, तेवढं पाहिलं की पुरे.

पण मला खिळवून ठेवलं ते बोंडाने. लवदार, फुगीर, हिरवं. मी चिमटीत धरायला गेले तर बाई म्हणाली, "घट नको धरू, उडंल." तोवर उडालंच. पाच फाळक्या क्षणात आत गुंडाळल्या गेल्या, बिया तिच्या पदरावर आणि समोरच्या काकडीवाल्याच्या टोपलीत. लिनियसने १७५३ साली याला इम्पेशन्स बाल्समिना हे नाव दिलं, त्यातल्या इम्पेशन्सचा अर्थच अधीर. फाळकीच्या बाहेरच्या थरातल्या पेशी पाण्याने फुगतात, आतला थर तेवढा वाढत नाही. शिवण धरून असते तोवर हा ताण कोंडलेला. शिवण सुटली की फाळकी वळते. अमेरिकेतल्या एका जातभाईच्या बाबतीत हे मोजलं गेलंय: सेकंदाचे काही हजारावे भाग. बोंडात पाणी भरपूर हवं. सुकलेल्याला तो जोर येत नाही.

बागेतल्या जाती मला मात्र मोहवत नाहीत. गुलाबासारखी, कॅमेलियासारखी भरगच्च फुलं, पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंत. दुपेडी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात, मग टोपीचा तो खेळ बिघडतो. त्यापेक्षा आपल्या डोंगरातले त्याचे भाऊबंद पाहावेत. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने नाव दिलेला ढाल तेरडा, किंवा ओल्या कातळाला चिकटून वाढणारा, लांब नळीचा इम्पेशन्स अकॉलिस. याच घराण्यातला हिमालयी तेरडा १८३९ मध्ये इंग्लंडला नेला. तिथले नदीकाठ त्याने व्यापून टाकले, आता लोक तो उपटत फिरतात. बोंडाची ताकद यावरून कळावी.

मग कर्जतमध्ये आपला तेरडा कमी का होतोय?

बाई सांगत होती, पूर्वी वस्तीमागच्या बांधावर हात घातला की जुडी व्हायची. आता पहाटे निघून वरच्या माळापर्यंत जावं लागतं, परतायला दुपार. मधली खाचरं विकली गेली. मुंबई जवळ, जमिनीला भाव, त्यामुळे बांध मोडून सपाटी, वर मुरूम, भोवती कंपाउंड, आत विकतची हिरवळ. जिथे भात अजून लावतात तिथेही बांधावर कोयता चालवायला माणूस मिळत नाही, म्हणून तणनाशक फवारतात. तेरडा वर्षायू. त्याला कंद नाही, जाडं मूळ नाही. या वर्षीच्या बिया पडल्या तरच पुढच्या वर्षीचं झाड. फुलायच्या आत फवारणी झाली की त्या बांधापुरता तो संपला. रस्त्याकडेच्या नुसत्या उकरलेल्या मातीवर तो उलट जोमाने येतो, म्हणून खोदकामाला मी इतकी भीत नाही. भीती सिमेंटची आणि फवारणीच्या पंपाची.

उपटण्याने धोका नाही का, हे मी तिला विचारलं, जरा घाबरतच. तिने राग धरला नाही. ओढ्याच्या काठची झाडं आम्ही उपटत नाही, म्हणाली. बोंडं तिथंच फुटायला हवीत. हा नियम तिच्या सासूचा. पण गेल्या वर्षी त्या काठाला तारेचं कुंपण पडलं.

चार वाजेपर्यंत गोणपाटावर दोन जुड्या उरल्या. मी त्या मागितल्या. तिने मान हलवली, फडकं ओलं करून मुळांभोवती गुंडाळलं आणि जुड्या टोपलीत आडव्या ठेवल्या. एक तिच्या घरच्या गौरीची होती, दुसरी धाकट्या जावेच्या.