पानातला वास पळतो कुठे?

दोस्तांनो, इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या गॅलरीत गवती चहाची एक कुंडी आहे. त्याचं पान तोडताना जपून हं, कडेनं बोट कापतं! आता पान चुरगाळून हुंगा. लिंबाचा वास आला ना? पण लिंबू तर कुठेच नाही! पानातल्या तेलात सिट्रल नावाचं द्रव्य असतं. लिंबाच्या सालीतही तेच असतं.

आणखी एक गंमत ऐका. गवती चहा हा चहाच नाही! ते गवत आहे, ऊस आणि ज्वारीचं भाऊबंद. खरा चहा वेगळ्याच झाडाचा. हिरवा चहा आणि काळा चहा मात्र एकाच झाडाचे. पानं खुडल्यावर लगेच तापवली तर हिरवी राहतात. चुरगाळून हवेत ठेवली तर चिरलेल्या सफरचंदासारखी तपकिरी होतात. तोच काळा चहा.

आता एक प्रयोग. दोन ग्लासांत चिमूट चिमूट चहापत्ती टाका. एकात गार पाणी घाला, दुसऱ्यात गरम पाणी आईबाबांकडून ओतून घ्या. हलवू नका, नुसतं बघा. गरम पाण्यात तपकिरी रेघा भराभर खाली उतरतात, गार पाणी मात्र रेंगाळतं. गरम पाण्याचे कण जोरात धावतात, म्हणून पानातला रंग आणि स्वाद लवकर बाहेर येतो. पण फार वेळ ठेवलं तर टॅनिनही खूप उतरतं आणि जीभ तुरट होते. म्हणून अख्ख्या पानांचा काळा चहा तीन-चार मिनिटांत गाळतात. हिरव्या चहाला तर 80 अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच, त्यामुळे इथलं पाणी 100 नाही, साधारण 98 अंशांनाच उकळतं!

गवती चहाची गोष्ट वेगळी. आजी त्याची पानं कात्रीनं बारीक कापते, उकळत्या पाण्यात टाकते, गॅस बंद करते आणि लगेच पातेल्यावर झाकण ठेवते. का बरं? पाच मिनिटांनी तिला झाकण उचलायला सांगा. आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. ते गार झाले की हुंगून बघा. लिंबाचा वास! वाफेबरोबर पळायला निघालेलं तेल झाकणाला धडकून परत आलं. कारखान्यातही गवती चहाचं तेल असंच वाफेतून पकडतात. आजीच्या पातेल्यात तोच कारखाना रोज चालतो.